ट्रेडमिलचे नाव एकच, आत मात्र दोन वेगळी कार्डे: आपले यंत्र कोणत्या आवृत्तीचे आहे, हे कसे ओळखावे?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे वडिलांसाठी घेतलेली, उभी घडी करता येणारी घरगुती ट्रेडमिल आहे. पूर्वी ते रोज कंबर तलावाच्या बाजूला फिरायला जात असत. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खड्ड्यांचा रस्ता आणि मार्चपासूनचे सोलापूरचे ऊन टाळून घरातच चालावे, असा सल्ला मिळाला. अलीकडे यंत्राची सुरू करण्याची कळ दाबली की पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे येतात, पट्टा किंचित हिसका देतो आणि बिघाडाचा संकेत दाखवून यंत्र थांबते. पाहून गेलेल्या कारागिराच्या मते मोटर ठीक आहे, मात्र तिच्याजवळचे कंट्रोलर कार्ड (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारी पाटी) गेले आहे.

खरी अडचण त्यानंतरची आहे. ज्या विक्रेत्याकडे सुटे भाग मिळतात, त्याच्या यादीत आमच्या मॉडेलच्या नावापुढे दोन कार्डे दाखवलेली आहेत. दोन्हींचा आकार आणि रंग जवळपास सारखाच आहे आणि किमतीतही फारसा फरक नाही. परंतु "आपली आवृत्ती कळवल्याशिवाय माल पाठवणार नाही आणि विजेचे भाग परत घेणार नाही" असे त्याने स्पष्ट सांगितले आहे. यंत्र ज्यांच्याकडून घेतले, त्या वितरकाचा दूरध्वनी आता लागत नाही. चौकटीच्या पुढच्या बाजूला एक स्टिकर होते, पण फरशी पुसताना पाणी लागून त्यावरील अक्षरे गेली आहेत. खरेदीची पावती मात्र जपून ठेवलेली आहे. खरेदीच्या वर्षावरून आवृत्ती ठरवता येईल का? आणि नाव तेच असेल तर दोन्हींपैकी कोणतेही कार्ड चालण्याची शक्यता आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सात रस्ता (प्रतिसाद)

खरेदीच्या वर्षावर विसंबू नये. जहाजाने आलेला माल गोदामात बराच काळ पडून राहतो आणि एकाच दुकानातून एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या खेपांची यंत्रे विकली जाऊ शकतात. पावती विकल्याची तारीख सांगते. यंत्र कोणत्या खेपेत तयार झाले, हे त्यावरून कळत नाही.

पडद्याच्या वर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव हे विक्रीसाठीचे नाव असते. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती ट्रेडमिलांपैकी पुष्कळशा चीनमध्ये तयार होतात आणि तेथील एकाच कारखान्याचे यंत्र येथे वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. याच्या उलटही घडते, म्हणजे नाव तेच राहते आणि आतील कार्ड, मोटर किंवा पडदा बदललेला असतो. म्हणून सुट्या भागांसाठी दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात: मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक. मॉडेल क्रमांक त्या प्रकारच्या सगळ्या यंत्रांना समान असतो. अनुक्रमांक प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांत किंवा आकड्यांत अनेकदा मॉडेलची अथवा खेपेची खूण दडलेली असते. उदाहरणार्थ, नॉर्डिकट्रॅक आणि प्रोफॉर्म या अमेरिकी यंत्रांच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी बिंदू देऊन शून्य, एक, दोन असा आकडा लिहिलेला असतो आणि तोच आवृत्ती दाखवतो. बाकीचा क्रमांक तंतोतंत जुळला, तरी बिंदूनंतरचा आकडा वेगळा असेल तर काही भाग वेगळे असू शकतात. होरायझनच्या यंत्रांवर चौकटीचा अनुक्रमांक "टीएम" या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढील आकड्यांवरून मॉडेल ओळखता येते. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी असल्यामुळे क्रमांक आहे तसा, बिंदू आणि आडव्या रेघांसह उतरवून विक्रेत्याला पाठवावा. त्याचा अर्थ आपण लावत बसू नये.

पुढचे स्टिकर पुसले गेले असले, तरी शोध तेथेच थांबवू नका. विजेची तार जेथे चौकटीत शिरते त्या जागेच्या आसपास, घडी केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याखालच्या भागावर, मोटरचे झाकण काढल्यावर त्याच्या आतील बाजूस आणि उभ्या खांबांच्या तळाशीही स्टिकर लावलेले आढळते. पुसट अक्षरांवर मोबाईलचा प्रकाश समोरून न टाकता अगदी तिरपा टाकून छायाचित्र घ्यावे. डोळ्यांना न दिसणारे आकडे कधी कधी त्यात उमटतात. स्टिकर थिनरने किंवा स्पिरिटने पुसण्याचा मोह मात्र टाळावा.

माळ्यावर मूळ खोके शिल्लक असेल तर तेही खाली काढा. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष आणि ग्राहकांनी संपर्क करावयाचा तपशील देणे बंधनकारक आहे. वितरक बंद झाला असला, तरी आयातदार अनेकदा दुसराच असतो आणि त्याच्याकडे खेपांची नोंद असण्याची शक्यता जास्त असते.

अक्कलकोट रोड (प्रतिसाद)

माझा मोटर रिवाइंडिंगचा व्यवसाय आहे. मुख्य काम यंत्रमागाच्या मोटरांचे असले, तरी गेल्या काही वर्षांत ट्रेडमिलच्या मोटराही दुकानात येऊ लागल्या आहेत. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु मी उलट्या टोकापासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. आपल्याला कार्ड हवे आहे ना, मग कार्डच वाचा. बाहेरचे स्टिकर कारखान्यात यंत्र कसे होते एवढेच सांगते. हमीच्या काळात कोणी कार्ड बदलून गेले असेल, तर ते स्टिकर आज खरे राहिलेले नसते.

झाकण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश (एसीचा डीसी) झाल्यावर कार्डावरील मोठ्या कंडेन्सरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि बिघडलेल्या कार्डात ते बराच वेळ टिकून राहू शकतात. म्हणून निदान दहा मिनिटे थांबावे आणि मल्टिमीटरने कंडेन्सरच्या दोन टोकांमधील दाब शून्याजवळ आल्याची खात्री झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नये. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल, तर हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

त्यानंतर पुढील गोष्टींची छायाचित्रे घ्या. कार्डाच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेला क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी "व्ही" किंवा "रेव्ह" या अक्षरांपुढे एखादा आकडा असतो. हा पाटीच्या आराखड्याचा क्रमांक झाला. कार्डावर किंवा त्याच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर वेगळे चिकटवलेले कागदी स्टिकरही असते. ते अधिक महत्त्वाचे आहे, कारण एकाच पाटीवर वेगळ्या क्षमतेचे भाग बसवून किंवा चिपमध्ये वेगळी आज्ञावली भरून दोन निराळी कार्डे बनवली जातात. आपल्या विक्रेत्याकडील दोन कार्डे सारखी दिसतात, त्याचे कारण हेही असू शकते. त्यानंतर पडद्याकडून येणारी तार जेथे खोचली आहे तेथील पिना मोजा. चार, पाच, सहा, आठ अशा निरनिराळ्या संख्या आढळतात. पिना जुळल्या म्हणजे कार्ड जुळले असे नाही. पण पिना जुळल्या नाहीत तर ते कार्ड तेथेच बाद समजावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्ड एकटे काम करत नाही. पडदा त्याला वेग किती ठेवायचा हे सांगतो आणि कार्ड मोटर कशी चालली आहे हे पडद्याला कळवते. काही यंत्रांत ही देवाणघेवाण साध्या स्पंदांनी होते, तर काहींत दोन्हीकडील चिपा ठरावीक पद्धतीने संदेश पाठवतात. एका पद्धतीचा पडदा आणि दुसऱ्या पद्धतीचे कार्ड जोडले, तर सगळ्या तारा व्यवस्थित बसूनही यंत्र संपर्क तुटल्याचा संकेत दाखवून थांबते आणि मग नवे कार्डही खराब निघाले असा समज होतो. म्हणून पडद्याचे मागील झाकण उघडून तेथील पाटीचा क्रमांकही टिपून घ्यावा. आवृत्ती म्हणतात ती खरे तर या जोडीची असते.

मोटरवरील पत्र्याच्या पट्टीचेही छायाचित्र असू द्या. त्यावर व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि फिरण्याची दिशा लिहिलेली असते. झाकणावर ३ एचपी असे ठळकपणे लिहिलेले असले, तरी तो बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा आकडा असतो. समजा पट्टीवर १८० व्होल्ट आणि ७ अँपिअर लिहिले आहे, तर आत जाणारी वीज १२६० वॅट झाली आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे सतत मिळणारी शक्ती १.७ एचपीच्या आतच असणार, हे उघड आहे. कार्ड निवडताना पट्टीवरील आकडे धरावेत, झाकणावरचे नव्हेत.

विजापूर रोड (प्रतिसाद)

एक छोटी भर घालतो. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा परत येताना सामानासोबत आलेल्या यंत्रांच्या बाबतीत सर्वप्रथम व्होल्ट पाहावेत. अमेरिकेतील घरगुती पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतो, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्याच नावाच्या यंत्राची अमेरिकी आणि भारतीय रूपे वेगळी असतात व त्यांची कार्डे एकमेकांत बदलता येत नाहीत. प्रश्नकर्त्यांचे यंत्र येथेच घेतलेले दिसते. तरीही परदेशी संकेतस्थळावर स्वस्त कार्ड दिसले म्हणून मागवू नये, यासाठी लिहिले.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या एका वीजतंत्रज्ञांना सोबत घेऊन झाकण उघडले. चौकटीच्या खालच्या बाजूला, घडी केल्यावर दिसेल अशा ठिकाणी, दुसरे स्टिकर सुस्थितीत सापडले आणि त्यावरील उत्पादनाचे वर्ष आमच्या पावतीच्या वर्षापेक्षा आधीचे आहे. कार्डाच्या पाटीवरील क्रमांकाच्या शेवटी दोन हा आकडा आहे आणि पडद्याची तार सहा पिनांची आहे. मोटरची पट्टी १८० व्होल्टची आहे. विक्रेत्याच्या छायाचित्रांत एका कार्डावर सहा, तर दुसऱ्यावर चार पिना दिसतात, त्यामुळे एक कार्ड आपोआप बाद झाले.

परंतु पडद्याची पाटी उघडताना एक शंका आली. तिच्यावरील क्रमांकाची मांडणी कार्डाच्या क्रमांकापेक्षा अगदीच वेगळी आहे. याचा अर्थ कोणीतरी मध्ये यातील एक भाग बदलला आहे, असा घ्यावा का? दुसरे असे की, पट्ट्याच्या कडा उसवू लागल्या आहेत, म्हणून कार्डासोबत पट्टाही मागवावा असा विचार आहे. पट्ट्यासाठीही आवृत्ती लागते का?

अक्कलकोट रोड

पडदा आणि कार्ड वेगवेगळ्या कारखान्यांत बनत असल्याने क्रमांकांची मांडणी वेगळी असणे स्वाभाविक आहे. बिघाड होण्यापूर्वी हीच जोडी व्यवस्थित चालत होती, एवढा पुरावा पुरेसा आहे. फक्त विक्रेत्याला दोन्ही क्रमांक एकत्र पाठवा.

कार्ड मागवण्यापूर्वी ते का गेले, हे मात्र अवश्य तपासा. प्लग काढलेल्या स्थितीत पट्टा हाताने ओढून पाहा. तो जड जात असेल किंवा पट्ट्याखाली हात घातल्यावर फळी कोरडी व खरखरीत लागत असेल, तर घर्षणामुळे मोटर जास्त प्रवाह ओढत होती आणि त्या भाराखाली कार्ड जळाले, अशी शक्यता मोठी आहे. अशा यंत्रात नवे कार्ड बसवले तर तेही त्याच वाटेने जाते. आपल्याकडची धूळ लक्षात घेता झाकणाखालचा भाग अधूनमधून कोरड्या ब्रशने साफ करणेही आवश्यक आहे. फळीला पुस्तिकेत सांगितले असेल तर सिलिकॉन तेलच द्यावे. खोबरेल किंवा इंजिनचे तेल वापरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे पट्टेही पाहिले आहेत. मोटरचे कार्बन (ब्रश) किती झिजले आहेत, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

यंत्रमाग साहित्य (प्रतिसाद)

पट्ट्याचा प्रश्न आमच्या व्यवसायाच्या जवळचा आहे म्हणून लिहितो. पट्टा, रोलरचे बेअरिंग आणि मोटरचा छोटा पट्टा या तिन्ही गोष्टींना आवृत्ती लागत नाही. त्यांना माप लागते.

चालण्याच्या पट्ट्याची रुंदी म्हणजे कापडाची रुंदी, दोन्ही बाजूंच्या पायपट्ट्यांसकट यंत्राची रुंदी नव्हे. लांबी मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पट्ट्याच्या कडेवर खडूने खूण करावी आणि पट्टा हाताने फिरवत, टेपने टप्प्याटप्प्याने मोजत ती खूण परत येईपर्यंतची बेरीज करावी. पट्टा तुटून हरवला असेल, तर मागच्या रोलरचे बोल्ट त्यांच्या फिरण्याच्या जागेच्या मध्यावर आणून दोन्ही रोलरांच्या केंद्रांतील अंतर मोजावे, त्याची दुप्पट करावी आणि दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्म्याला ३.१४ ने गुणून येणारी संख्या तीत मिळवावी. केंद्रांतील अंतर १३०० मिलिमीटर आणि रोलर ४६ व ४२ मिलिमीटरचे असतील, तर २६०० आणि १३८ मिळून २७३८ मिलिमीटर होतात. पट्ट्याच्या जाडीमुळे त्यात आणखी चार-पाच मिलिमीटरची भर पडते. जुना पट्टा ताणून थोडा लांबलेला असतो, म्हणून बोल्ट अगदी शेवटपर्यंत आवळलेले असताना माप घेतले तर ते थोडे जास्त येते.

मोटर आणि रोलर यांच्यामधील दातेरी दिसणाऱ्या छोट्या पट्ट्यावर क्रमांक छापलेलाच असतो. ३८० जे ६ असे लिहिलेले असेल, तर लांबी ३८.० इंच, जे हा दोऱ्यांचा (पट्ट्याच्या आतील लांबट उभारांचा) प्रकार आणि दोऱ्या सहा. हाच पट्टा मिलिमीटरच्या पद्धतीत ९६५ या आकड्याने ओळखला जातो. दोऱ्यांची संख्या पुलीवरील खाचांशी जुळवून घ्यावी. बेअरिंगवरही क्रमांक कोरलेला असतो. ६२०३ म्हणजे आतील व्यास १७, बाहेरील ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, मग ते ट्रेडमिलमधील असो किंवा मागावरचे. एमआयडीसी परिसरात यंत्रमागांसाठी बेअरिंग आणि पट्टे विकणाऱ्या कोणत्याही चांगल्या दुकानात हे मिळावे; त्यासाठी पुण्याहून काही मागवण्याचे कारण नाही. चालण्याचा पट्टा मात्र त्याच्या खालच्या कापडामुळे वेगळा असतो. तो ट्रेडमिलसाठीच बनवलेला असावा.

कार्ड दुरुस्ती (प्रतिसाद)

सर्वांचे म्हणणे योग्य आहे, तरी एक पर्याय कोणी मांडलेला नाही. मूळ कार्डच दुरुस्त करून घेतले, तर आवृत्तीचा प्रश्नच उरत नाही. या कार्डांत बहुतेक वेळा मोटरला वीज देणारा मॉस्फेट किंवा आयजीबीटी, एकदिशक, फ्यूज, रिले किंवा फुगलेला कंडेन्सर एवढेच गेलेले असते आणि हे भाग सर्वत्र मिळतात. पाटी जळून काळी पडली असेल किंवा मधली चिप गेली असेल, तर मात्र दुरुस्ती परवडत नाही, कारण चिपमधील आज्ञावली बाजारात मिळत नाही. नवे कार्ड बसवल्यावरही जुने फेकून देऊ नये. क्रमांकाचा पुरावा म्हणून आणि पुढे सुटे भाग काढण्यासाठी ते उपयोगी पडते.

जुळेसोलापूरकर

पट्टा ओढून पाहिला असता तो खरोखरच जड जातो आणि फळीचा मधला भाग घासून चकचकीत झालेला आहे. त्यामुळे पट्टा आणि कार्ड दोन्ही बदलायचे ठरवले. पाटीवरचा क्रमांक, कागदी स्टिकर, पडद्याच्या पाटीचा क्रमांक, मोटरची पट्टी आणि चौकटीवरील स्टिकर अशी सगळी छायाचित्रे विक्रेत्याला पाठवली आणि त्याने सहा पिनांचे कार्डच आपल्या जोडीचे असल्याचे लेखी कळवले आहे. कार्ड आल्यावर ते बसवताना विशेष काय पाहावे, एवढे सांगितलेत तर उपकार होतील.

अक्कलकोट रोड

जुने कार्ड काढण्यापूर्वी प्रत्येक तारेवर कागदी चिकटपट्टी लावून ती कोठून निघाली ते लिहून ठेवा. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर पट्टा उलट दिशेला फिरतो आणि वर उभ्या असलेल्या माणसाला तो धोका आहे. आधी फळीची दुसरी बाजू पाहा. काही यंत्रांत ती दोन्हीकडून गुळगुळीत असते आणि उलटून बसवता येते. तशी नसेल आणि मधला थर झिजून आतले लाकूड दिसत असेल, तर फळीही बदलावी लागेल, नाहीतर नवा पट्टा लवकर खराब होईल.

पहिली चाचणी पट्ट्यावर कोणीही उभे नसताना, सर्वांत कमी वेगावर घ्या आणि ओढताच यंत्र थांबवणाऱ्या सेफ्टी कीची दोरी हातात ठेवा. पट्टा सुरळीत फिरू लागल्यावर त्यावर खडूची खूण करून एका मिनिटात ती किती वेळा परत येते ते मोजा. फेऱ्यांना पट्ट्याच्या मीटरमधील लांबीने गुणले की मिनिटाला किती मीटर ते कळते आणि त्याला ०.०६ ने गुणले की तासाला किलोमीटर मिळतात. हा आकडा पडद्यावरील वेगाशी जवळपास जुळला, तर कार्ड योग्य आवृत्तीचे आहे असे समजण्यास हरकत नाही. मोठी तफावत आली, तर वडिलांना त्यावर चढू देण्यापूर्वी विक्रेत्याला तो आकडा कळवा, कारण वेगळ्या रोलरसाठी ठरवलेली आज्ञावली त्या कार्डात असू शकते.